विशाखापट्टणमच्या समुद्रतळावरील दोन पाणबुड्या



समुद्रतळावर अवशेष सापडणे आणि ते कोणाचे हे सिद्ध होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विशाखापट्टणमच्या परिसरात हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे दोन युद्धांतील दोन पाणबुड्या विसावल्या आहेत. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी कोलंबोहून कलकत्त्याकडे निघालेल्या ताफ्यावर हल्ला करणारी जपानी ‘आरओ-११०’ बुडवली गेली. ती बुडवणाऱ्या तीन युद्धनौकांपैकी ‘जमना’ तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीची, तर उर्वरित दोन ऑस्ट्रेलियाच्या होत्या. पुढे १९७१ साली, ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री, ‘विक्रांत’च्या मागावर आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ येथेच नष्ट झाली.

‘गाझी’पर्यंत ‘निस्तार’ या नौकेवरील पाणबुडे त्याच काळात पोहोचले होते. जेथे माणूस सहज उतरू शकत नाही, तेथे मात्र ओळख मोजमापाने पटवावी लागते. सोनार यंत्र ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र उभे करते. ‘गाझी’ ही मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’; लांबी सुमारे ९५ मीटर. ‘आरओ-११०’ची लांबी जेमतेम ६१ मीटर. पण स्फोटाने सांगाडा तुटलेला असेल, किंवा अर्धा गाळात रुतला असेल, तर लांबी फसवते. अशा वेळी बांधणीतील खुणा पाहाव्या लागतात. ‘गाझी’ला पुढे सहा आणि मागे चार पाणतीर-नळ्या होत्या, जपानी पाणबुडीला चारच, त्याही पुढच्या बाजूस. मागची एक नळी दिसली तरी प्रश्न सुटतो. जुन्या बांधणी-आराखड्यांचे मोल येथे कळते. दफ्तरखान्यावरील खर्च अनुत्पादक मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

भारतीय नौदलाच्या खोल पाण्यातील बचाव-वाहनाने या दोन्ही पाणबुड्यांचे अवशेष शोधल्याचे वृत्त २०२४ साली आले. हे वाहन ६५० मीटर खोलीपर्यंत काम करू शकते. ते घेतले गेले संकटातील पाणबुडीतून माणसे सोडवण्यासाठी. अशी सामग्री वर्षानुवर्षे वापराविना राहिली तर उत्तमच, तरीही तिचा सराव अखंड चालू ठेवावा लागतो आणि समुद्रतळाचे सर्वेक्षण त्या सरावाच्या खर्चातच होऊन जाते.

ओळख पटली म्हणून कारण उलगडत नाही. ‘गाझी’ बुडवण्याचे श्रेय भारत ‘राजपूत’ या युद्धनौकेला देतो. पाकिस्तानच्या मते ती अपघाताने किंवा स्वतःच्याच सुरुंगांनी बुडाली. सांगाडा उचलून किंवा उघडून हा वाद कदाचित पुढे नेता येईल. नौदलाने मात्र या अवशेषांना हात लावलेला नाही. आत खलाशी आहेत.