लंडन किती लांब?

मंडळी, आपल्या दिघीजवळच लोहगावचा विमानतळ आहे. त्यामुळे विमानाचा आवाज आपल्याला नवा नाही. परवा असेच विमान गेले, तेव्हा आमच्या शेजारच्या मावशी वर पाहत म्हणाल्या, “गुरुजी, माझा धाकटा लंडनला आहे. माझं काही बरंवाईट झालं तर तो येऊन पोचेल का हो? लंडन आहे तरी किती लांब?”

आम्ही नातवाचा पृथ्वीगोल आणला. शिवणाचा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर धरले, दुसरे लंडनवर. दोरा ताणला. तो सौराष्ट्र, बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्र, युक्रेन असा गेला. मावशी म्हणाल्या, “भिंतीवरच्या नकाशात तर सरळ रेघ इराकवरून जाते!”

बरोबर आहे. नकाशा भाकरीसारखा सपाट आणि पृथ्वी मोसंब्यासारखी गोल. मोसंब्याची साल फाडल्याशिवाय पाटावर सपाट बसत नाही. म्हणून नकाशा काढणारा उत्तरेकडचे मुलूख ताणून काढतो. जवळची वाट पाहायची तर गोलावरच पाहावी.

आता मोजणी. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर. आमचा दोऱ्याचा तुकडा त्या घेरावर साडेपाच वेळा बसला. म्हणजे मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर, जुन्या हिशेबाने साडेचार हजार मैल. सुएझ कालव्यातून बोटीने जावे तर हेच अंतर 11,000 किलोमीटरांच्या वर जाते.

विमान मात्र नेहमी दोऱ्यावरून जात नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये लढाई पेटली आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. मग वळसा आला. रस्ता खणला की आपली एस.टी. वळसा घेते, तसेच हे.

पूर्वी तर वाटेत उतरावेच लागे. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबून ते 10 जूनला लंडनला पोचले. आता थेट विमानाला नऊ-दहा तास पुरतात. येताना थोडा वेळ कमीच लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

मावशींना एवढ्याने समाधान नव्हते. मग आम्ही बोटांवर हिशेब केला. हिवाळ्यात लंडनला सकाळचे 10 वाजले की आपल्याकडे दुपारचे साडेतीन. त्या वेळी विमान सुटले तर नऊ तासांनी, म्हणजे रात्री साडेबाराला मुंबई. तपासणी, सामान यांत एक तास. पुढे मोटारीने चार तास.

“म्हणजे कोंबडं आरवायच्या सुमाराला दारात?”

“विमानात जागा मिळाली तर, होय,” आम्ही म्हणालो.