वही, खाडा आणि व्यायाम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेच्या चार भिंतींत गेला. या व्यासपीठावर डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला बसण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु घरच्या घरी व्यायाम करण्याच्या बाबतीत आमची फजिती इतकी सांगोपांग झालेली आहे की, ती ऐकून एखाद्या बांधवाचे तीन महिने वाचले तरी पुष्कळ झाले, असे मनात येऊन उभे राहिलो आहोत.

नोकरीत असेतो शाळेत जाण्यायेण्याचे चालणे आपोआप घडत असे. निवृत्तीनंतर आरामखुर्ची आली, वर्तमानपत्र आले आणि दुपारची झोप आली. चौसष्टाव्या वर्षी रक्तात साखर आढळली. डॉक्टरांनी जी तपासणी करविली तिला एचबीए१सी म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात व साखर त्यांना चिकटत जाते. म्हणून या एका तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी उमटते. आदल्या दिवशी उपास करून तिला फसविता येत नाही. आमचा आकडा आला ८.४. औषध, पथ्य व नित्य व्यायाम सांगून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलाविले.

आम्ही त्याच सायंकाळी शंभर पानी वही आणली. हातात पट्टी घेऊन हजेरीपटासारखे रकाने आखले : तारीख, नमस्कार, शेरा. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांत ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेच आम्ही इतकी वर्षे मुलांकडून घालून घेत आलो होतो. तेव्हा शिकण्याचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांना विचारून रोज बारा घालण्याचे ठरविले. पहिले पंधरा दिवस वही उघडून आदल्या दिवसाचा आकडा पाहावा आणि आज त्याहून कमी नको, अशी ईर्षा वाटावी, असे चालले होते. लिहून ठेवण्यात हे बळ निश्चित आहे.

पुढे मात्र एके दिवशी पाचच घातले आणि पाहुणे आले. वहीत बारा लिहिले. उरलेले सात उद्या भरून काढू, असे मनाशी म्हटले. तो उद्या काही उगवला नाही, परंतु हाताला सवय लागली. पुढे पुढे तर आठवड्याची वही रविवारी एकदम भरू लागलो. तीन महिने संपले तेव्हा ९० दिवसांपैकी ८१ दिवस व्यायाम झाल्याचे आमची वही सांगत होती. तपासणीचा आकडा आला ८.३.

आम्ही संतापलो. औषधाला दोष दिला, तपासणाऱ्याला दोष दिला. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेऊन आल्या. दुधाचे खाडे त्या तिच्यावर मांडतात, हे आम्हांस ठाऊक होते. तारखेच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात दुधाची खूण होती. खालच्या कोपऱ्यात आणखी एक बारीक फुली होती.

“ही कसली?” आम्ही विचारले.

“अहो, तुमची. दूधवाला आला नाही की मांडते, तसे तुम्ही सतरंजी उलगडली नाही की मांडले.”

तीन महिन्यांत ४७ फुल्या होत्या.

आम्हांस त्या क्षणी जे आठवले ते या सभेत सांगावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. नोकरीच्या आरंभी एका खेड्यातील शाळेत असताना, साहेबांची तपासणी यावयाची म्हणून आम्ही हजेरीपट भरीत असू. वर्गातला एक मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला जाई आणि महिनेच्या महिने दिसत नसे. आमच्या पटावर तो रोज हजर होता. पटावर हजर असलेल्या मुलाची चौकशी करावयास कोण जाणार? सातवीत गेला तेव्हा त्याला स्वतःचे नाव सोडून दुसरे काही वाचता येत नव्हते. त्याच्या नावापुढे खरा खाडा पडला असता, तर तो डोळ्यांत खुपला असता. कोणी तरी त्याच्या मागावर गेले असते, कदाचित आम्हीच गेलो असतो. वहीतला खरा कामाचा भाग खाडाच होय, हे आम्हांस तेव्हा कळावयास हवे होते. ते कळावयास चाळीस वर्षे आणि एक दिनदर्शिका लागली.

दुसऱ्या दिवसापासून जुनी वही बंद केली व दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला नवी टांगली. नियम एवढाच की, त्याच दिवशी निजण्यापूर्वी लिहावे, जितके घडले तितकेच लिहावे, आणि खाडा पडल्यास त्यापुढे कारण लिहावे. महिन्याच्या अखेरीस पाहतो तो बहुतेक खाडे शुक्रवारचे! गुरुवारी भजनाला उशीर होतो आणि सकाळी उठवत नाही. आम्ही आपल्या आळशीपणाला उगाच बोल लावीत होतो. शुक्रवारचा व्यायाम सायंकाळी नेला आणि ते खाडे गेले. खोट्या वहीने ही गोष्ट जन्मात सांगितली नसती.

एक चूक मात्र याही वेळी केली. एका खाड्याचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी चोवीस नमस्कार घातले, कंबर धरली आणि एकाचे आठ खाडे झाले. लंडनच्या विद्यापीठात सवयी कशा जडतात याचा अभ्यास झाला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली प्रौढांसाठी हिशेब सांगितला तो आठवड्याचा आहे : मध्यम श्रमाचा व्यायाम किमान १५० मिनिटे. तेव्हा झालेला खाडा तसाच राहू द्यावा. त्याची वसुली करू नये.

गुडघ्यांमुळे ज्यांना नमस्कार घालवत नाहीत, अशा वडीलधाऱ्यांनी काय मोजावे? न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घडी करून बसावे, आणि जवळ कोणास उभे करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजावे. अमेरिकेच्या शासकीय आरोग्यखात्याच्या कोष्टकात ६५ ते ६९ वर्षांच्या पुरुषास १२ पेक्षा कमी व स्त्रीस ११ पेक्षा कमी उठबशा झाल्यास ते सरासरीहून कमी मानले आहे, व अशांस पडण्याचा धोका अधिक समजतात. आमच्या ९ झाल्या होत्या. ज्या वर्गात आयुष्यभर उभे राहून शिकविले त्या पायांची ही दशा! महिन्यातून एकदाच मोजतो. या महिन्यात १३ झाल्या. वजनकाटा रोज पाहणाऱ्यास रोज निराशा येते. पायांची ताकद मात्र सावकाश का होईना, वाढलेली दिसते.

तरुण मंडळी मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधतात. आमच्या पुतण्याने आम्हांसही एक आणून दिले. भजनात टाळ वाजविले, तीही पावले म्हणून त्याने मांडली! दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वांच्या तोंडी आहे, तो १९६५ साली जपानात विकावयास आलेल्या एका यंत्राच्या नावावरून रूढ झाला; त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होतो. हा आकडा गाठला नाही म्हणून कोणी कष्टी होऊ नये. घड्याळ जरूर वापरावे. परंतु खाड्याचे कारण ते लिहीत नाही.

पुढल्या तपासणीत आमचा आकडा ७.२ आला. त्यात डॉक्टरांनी बदललेल्या औषधाचा वाटा आहे आणि रात्रीचा भात बंद झाला त्याचाही आहे. सारे श्रेय वहीला देणे म्हणजे पुन्हा खोटी हजेरी मांडणे होईल. वहीच्या भरवशावर कोणी औषध सोडू नये, ही हात जोडून विनंती.

आता वहीत दोन रकाने आहेत. दुसरा सौभाग्यवतींचा. त्यांनी खुर्चीवरील उठबशा आमच्या मागाहून सुरू केल्या आणि आमच्या पुढे दोनने गेल्या आहेत. आजपर्यंत या महिन्यात आमच्या नावावर दोन खाडे आहेत. एकाचे कारण ‘प्रवास’ असे आम्ही लिहिले आहे. दुसऱ्यापुढे आम्ही ‘पावसाळी हवा’ असे लिहिले होते. ते खोडून त्यांनी आपल्या अक्षरात ‘आळस’ असे लिहिले आहे. आम्ही ते तसेच ठेवले आहे.