सोलापूरचे वालचंद आणि भारताची विमानं

भारतातला पहिला विमान कारखाना उभारणारे उद्योगपती वालचंद हिराचंद हे आपल्या सोलापूरचे. 1882 साली त्यांचा जन्म इथेच झाला. दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, डिसेंबर 1940 मध्ये, त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यानं बंगळूरला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी तिथं हार्लो जातीचं हलकं प्रशिक्षण विमान जोडून तयार झालं. 1942 मध्ये युद्धाच्या निकडीमुळे सरकारनं कारखाना आपल्याकडे घेतला.

याच कारखान्यात जर्मनीत शिकून आलेले कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-2’ या दोन आसनी विमानाचं आरेखन झालं. 1951 मध्ये त्यानं पहिलं उड्डाण केलं. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या. 1958 मध्ये ‘पुष्पक’ उडालं आणि फ्लाइंग क्लबमधल्या नवशिक्यांना देशी विमान मिळालं.

1964 मध्ये ही कंपनी ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’मध्ये विलीन झाली. आज तेजस लढाऊ विमान बनवणाऱ्या या संस्थेचा पाया एका सोलापूरकरानं घातला. आपल्या मुलांना हे जरूर सांगा.