‘मदतनीस’ किती दिवस?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील महिला गटांच्या मेळाव्यातील भाषण)



खेळ हा आपल्या मेळाव्याचा नेहमीचा विषय नाही. पण मध्यंतरी खोपोलीजवळच्या गावातली एक मुलगी माझ्याकडे आली. कबड्डी खेळलेली, बी.ए. झालेली. तीन वर्षं ती एका कॉलेजच्या मुलींच्या संघाचा सराव घेते. मैदान आखायचं, पकडी शिकवायच्या, कुणाच्या घरून खेळायला बंदी झाली तर आईबापांना जाऊन भेटायचं, सगळं तीच करते. मुंबईला सामना असला की शेवटच्या कर्जत लोकलने मुलींना परत आणणारीही तीच. कागदावर मात्र प्रशिक्षक म्हणून सरांचं नाव. हिला फक्त प्रवासखर्च. तिनं विचारलं, “ताई, यात पुढे काही आहे का?”

पुढे वाट आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, प्रशिक्षकाची पदविकाही आहे. शाळेत क्रीडाशिक्षिका व्हायचं तर बी.पी.एड. कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट. पण यासाठी पैसा लागतो, घराबाहेर राहावं लागतं. नोकरीच्या अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो, आणि दाखला मिळतो तो ज्याचं नाव कागदावर आहे त्याला.

बायकांना संघ घडवता येत नाही, असं कुणी म्हणालं तर नाशिकच्या शैलजा जैन यांचं नाव सांगा. भारताच्या संघाचं मुख्य प्रशिक्षकपद त्यांना मिळालं नव्हतं. इराणने बोलावलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराणी मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवून सुवर्णपदक नेलं.

नुसते मुलींचे संघ वाढले म्हणजे झालं, असंही नाही. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षक ही मुख्य प्रशिक्षक होण्याची पगारी पायरी असते. तिथे १९७२ साली कायदा झाला आणि कॉलेजांना मुलींच्या खेळालाही संधी आणि पैसा द्यावा लागला. त्याआधी सगळे खेळ मिळून मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत शंभरात नव्वदांहून जास्त बायका होत्या. पुढे पगार आला, मान आला आणि पुरुषही आले. आज तिथे बायका निम्म्याहून कमी आहेत. फुकटचं काम बायकांचं, पगाराचं झालं की पुरुषांचं! हे आपल्याला स्वयंपाकापासून ठाऊक आहे.

म्हणून आपली मागणी साधी आहे. जी शिकवते तिचं नाव कागदावर लागलं पाहिजे. तिला नेमणुकीचं पत्र, ठरलेलं मानधन आणि दर वर्षी अनुभवाचा दाखला मिळाला पाहिजे. एक गोष्ट तर आजच तिच्या हाती आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मैदानाला आणि सामन्याच्या जागेलाही लागू आहे. मोबदला न घेता, स्वेच्छेने काम करणारीलाही तो कर्मचारीच मानतो. कायदा जिला कर्मचारी म्हणतो तिला कॉलेजने नुसती ‘मदतनीस’ का म्हणावं?

त्या मुलीने आता प्राचार्यांना अर्ज लिहिला आहे. एकटीने द्यायला ती कचरते. आपण चौघीजणी तिच्याबरोबर जाणार आहोत.

तुम्हीही परत गेल्यावर आपापल्या भागातल्या कॉलेजात दोनच प्रश्न विचारा. मुलींना मैदानावर कोण शिकवतं? आणि कागदावर नाव कुणाचं आहे? दोन्हींची उत्तरं वेगळी आली, तर पुढच्या बैठकीला त्या मुलीला सोबत घेऊन या.