मातृत्वाचे वय : प्रश्न कायद्याचा की कोयत्याचा?



दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० या काळात महाराष्ट्रात ३३ होते. देशात ९७, आसामात १९५ आणि केरळात १९. या आकड्यांवर राज्यकर्ते समाधान मानतात. परंतु राज्याची सरासरी जिल्ह्याचे दुःख झाकून टाकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पुरी होण्याआधीच विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर परभणीत ४८ आणि बीडमध्ये जवळजवळ ४४ टक्के होते. केरळात ते ६ टक्के होते.

लवकर विवाह म्हणजे लवकर बाळंतपण. मुलीची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. घासातला अर्धा वाटा गर्भ मागतो. रक्तक्षय, गर्भारपणातील झटके, अडलेले बाळंतपण आणि कमी वजनाचे मूल हे धोके या वयात अधिक असतात. तिशीपस्तिशीनंतरच्या बाळंतपणातही रक्तदाब आणि मधुमेहाचे धोके वाढतात. परंतु शहरातील सुस्थित स्त्रीला तपासणी आणि तज्ज्ञ हाताशी असतात. तोडीवरच्या मुलीला कोण आहे?

विवाहाचे किमान वय मुलींसाठी १९२९ मध्ये चौदा, तर १९७८ मध्ये अठरा झाले. २००६ मध्ये नवा कायदा आला. तरीही बीड-परभणीचे चित्र असे का? कारण ऊसतोडीत मुकादमाची उचल जोडप्याला मिळते. जोडपे म्हणजे एक कोयता. आईबाप निम्मे वर्ष फडावर. वयात आलेली मुलगी मागे ठेवावी तर भीती, सोबत न्यावी तर शाळा सुटते. लग्न हा त्या बापाला दिसणारा एकमेव मार्ग. हे अज्ञान नव्हे, दारिद्र्याचा हिशेब आहे.

शासन मात्र शिक्षेची भाषा बोलते. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत एकोणीस वर्षांखालील मातेला मदत नाकारणारी अट होती. ती २०१३ मध्ये उठली. जिला सर्वाधिक धोका, तीच वगळलेली! फेब्रुवारी २०२३ मध्ये आसामात बालविवाहाच्या आरोपावरून हजारो लोकांना अटक झाली. दवाखान्याच्या दारात पोलीस दिसू लागला, तर गर्भार मुलगी तिकडे फिरकेल काय?

तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ लग्ने थांबवून भागणार नाही. उचल आणि मजुरी जोडप्याऐवजी प्रत्येक मजुराच्या नावे नोंदवली जावी. हंगामी वसतिगृहे तोड सुरू होण्यापूर्वी उघडावीत आणि त्यांत मोठ्या मुलींनाही जागा असावी. फडावरील प्रत्येक गर्भार स्त्रीची, वय न विचारता, तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च कारखान्याने उचलावा. येत्या हंगामापूर्वी या तीन मागण्या प्रत्येक कारखान्याच्या दारात गेल्या पाहिजेत. मुलीच्या हातात कोयता येण्याआधी वही टिकली, तर मातृत्वाचे वय आपोआप वाढेल.