मृतांची कथा आणि जिवंतांचा संताप



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कंत्राटी कामगार, बोनस अथवा भविष्यनिर्वाह निधी अशा एखाद्या विषयावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. पण आज आम्ही विषय निवडला आहे तो एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेतील एका भागाचा, आणि मालिका तरी कसली, तर चालत्या प्रेतांची! पत्रिकेवरचा विषय वाचून एका वृद्ध सभासदांनी आम्हांस रस्त्यातच अडवून विचारले, "काय हो भाऊ, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. विषय भुताचा असला, तरी प्रश्न माणसांचा आहे, एवढे तासाभरात पटवून देता आले म्हणजे आमचे काम झाले.

आमच्या युनियनच्या कचेरीत हिशेब लिहिणारा एक तरुण आहे. त्याने एके दिवशी आपल्या मोबाइलवर आम्हांस 'द वॉकिंग डेड' या मालिकेचा एक भाग दाखवला आणि विचारले, "हा पाहून तिकडे लोक चिडले, रडले, मालिका सोडून गेले. असे का झाले असेल?" आम्ही काहीतरी उत्तर दिले खरे, पण ते आमचे आम्हांसच पटले नाही. त्या अस्वस्थतेतून हे व्याख्यान झाले आहे.

प्रथम मालिकेविषयी थोडे. रॉबर्ट कर्कमन यांनी २००३ साली सुरू केलेल्या चित्रकथेवरून ती घेतली आहे. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी तिचा पहिला भाग दाखविला गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, अकरा पर्वांनंतर, ती संपली. जगावर एक रोगसंकट येते, मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि जिवंतांना खातात. उरलेली मूठभर माणसे अन्न, पाणी आणि निवारा शोधीत हिंडतात. एवढीच गोष्ट. या मालिकेत 'झॉम्बी' हा शब्द पात्रांच्या तोंडी नाही. ती माणसे प्रेतांना 'वॉकर', म्हणजे 'चालणारे', म्हणतात. चालणाऱ्यांना नाव नाही, गाव नाही, बोलणे नाही.

आपल्याकडेही भुतांची वाण नाही. मुंजा आहे, समंध आहे, हडळ आहे, आणि प्रेतात शिरणारा वेताळ तर विक्रमराजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो. पण आपले भूत बोलके आहे. त्याची काही इच्छा राहिलेली असते, काही गाऱ्हाणे असते. ते ऐकून घेतले की ते वाट सोडते. मग हे मुके भूत आले कोठून?

ते आले हैतीतून. फ्रेंचांच्या ताब्यात असताना त्या भूमीवर उसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. राबून राबून ते इतक्या संख्येने मरत की, गलबते भरभरून नवे आणावे लागत. त्या गुलामांची अशी श्रद्धा होती की, मेल्यावर आपला जीव समुद्र ओलांडून आपल्या मुलखात, आफ्रिकेत परत जाईल. म्हणजे मरण हीच त्यांची सुटका. त्या लोकांना सर्वांत मोठे भय कशाचे वाटले असेल? मेल्यावरही सुटका न होण्याचे. मांत्रिकाने प्रेत उठवावे आणि मालकाच्या मळ्यात कामाला जुंपावे. ना मजुरी, ना विसावा, ना तक्रार. झॉम्बी तो हाच. पुढे १७९१ साली त्या गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. पण ते भय लोककथांत राहिले. १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकन सैन्य त्या देशात होते. त्या काळात विल्यम सीब्रुक नावाच्या प्रवाशाने १९२९ च्या आपल्या पुस्तकात उसाच्या शेतात राबणाऱ्या प्रेतांची हकीकत लिहिली आणि १९३२ साली 'व्हाइट झॉम्बी' हा चित्रपट निघाला. त्यात साखरेच्या गिरणीत प्रेते काम करताना दाखविली आहेत. त्यांतील एक चरकात पडतो, आणि बाकीचे मान वर न करता चरक फिरवीत राहतात.

त्या लोककथांत एक गोष्ट अशी आहे की, झॉम्बीला मीठ खाऊ घालू नये. मिठाची चव लागली की त्याला आपण कोण ते आठवते, आणि तो मालकाचे काम टाकून चालू लागतो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे, म्हणजे मालकाशी इमान राखावे, असे म्हणतात. हैतीच्या गुलामांनी मिठाचा गुण नेमका उलटा सांगितला. जो मीठ खातो तो जागा होतो, आणि जागा झालेला मालकाचा राहत नाही!

पुढे जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला आणि या भुताचे रूप पालटले. राबणारे प्रेत गेले आणि खाणारे प्रेत आले. कामगार गेला आणि टोळधाड आली, असे म्हटले तरी चालेल. आजची मालिका या दुसऱ्या वंशातली आहे.

आता त्या भागाकडे वळू. एप्रिल २०१६ मध्ये सहावे पर्व संपले. कथेचे नायक रिक आणि त्यांचे सोबती एका टोळीच्या हाती सापडले आहेत. टोळीचा म्होरक्या नेगन. त्याची रीत अशी की, आसपासच्या वस्त्यांनी पिकवलेल्याचा, मिळवलेल्याचा अर्धा वाटा त्याला द्यायचा. त्याबद्दल तो त्यांना जिवंत ठेवणार. त्याच्या टोळीचे नाव 'सेव्हियर्स', म्हणजे तारणहार! त्याच्या आश्रयाच्या जागी सामान्य माणसे 'पॉइंट' मिळवण्यासाठी राबतात आणि गरजेच्या वस्तू त्या पॉइंटांवर विकत घेतात. मंडळी हसली. तुमच्यांतल्या काहींना हा कारभार ओळखीचा वाटला असावा.

तर हा नेगन सर्वांना रांगेत गुडघ्यावर बसवतो, काटेरी तार गुंडाळलेली बेसबॉलची बॅट हाती घेतो आणि एकाच्या डोक्यात घालतो. कोणाच्या, ते दाखवायचे नाही! पर्व तेथेच संपले. प्रेक्षकांनी ऑक्टोबरपर्यंत, सहा महिन्यांहून अधिक काळ, वाट पाहायची. गुपित फुटू नये म्हणून अनेक नटांच्या मृत्यूची दृश्ये चित्रित करून ठेवण्यात आली होती. २३ ऑक्टोबर २०१६ रोजी सातव्या पर्वाचा पहिला भाग आला. अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी तो पाहिला. त्यात प्रथम अब्राहम मारला गेला आणि मागाहून ग्लेन.

या भागावर जो गदारोळ उठला, त्यात तीन स्वर वेगळे ऐकू येतात. पहिला स्वर फसवणुकीचा. वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, ग्लेन मेला असे वाटावे असा एक भाग दाखविला होता. आरंभीच्या नामावळीतून त्या नटाचे नावही काढून टाकले. काही आठवड्यांनी कळले की, तो कचऱ्याच्या मोठ्या पेटीखाली सरकून वाचला! लोकांनी तेही सोसले. पण पुन्हा सहा महिने टांगून ठेवल्यावर ते म्हणू लागले की, ही कथा नव्हे, हा आमच्या जिवाशी चाललेला व्यापार आहे. आम्हांस हा राग योग्य वाटतो. कथेत उत्कंठा असावी, पण लोकांच्या मायेला गहाण ठेवून तिचे व्याज खाऊ नये.

दुसरा स्वर क्रौर्याविरुद्धचा. पालकांच्या एका संस्थेने जाहीर निषेध केला. जानेवारी २०१७ मध्ये निर्मात्यांपैकी गेल अ‍ॅन हर्ड यांनी सांगितले की, या प्रतिक्रियेनंतर पुढील भागांतील हिंसा सौम्य केली. त्यांच्याच सहकाऱ्यांनी मात्र तसे काही झाल्याचे नाकारले. ते असो. पण येथे आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. गेली सहा वर्षे त्या मालिकेत दर आठवड्याला डोकी फुटतच होती. कुऱ्हाडीने, सुरीने, दगडाने. तेव्हा कोणी पडदा बंद केला नाही. मग एका डोक्याने असे काय केले?

याचे उत्तर तिसऱ्या स्वरात आहे, आणि तो स्वर शोकाचा. आधी फुटलेली डोकी 'चालणाऱ्यां'ची होती. त्यांना नाव नव्हते. ग्लेनला नाव होते. तो कोरियन वंशाचा अमेरिकन तरुण. संकट येण्यापूर्वी तो घरोघरी पिझ्झा पोचवीत असे, म्हणून अटलांटा शहराच्या गल्लीबोळाची त्याला माहिती, आणि त्याच माहितीच्या बळावर तो पहिल्या पर्वात रिकचा जीव वाचवतो. ज्या पोऱ्याला दारात उभे करून आपण पैसे मोजून देतो आणि ज्याचे तोंडही आपण पाहत नाही, तोच सर्वांचा वाटाड्या झाला! सहा वर्षे लोकांनी त्याला पाहिले. त्याचे लग्न झाले, बायको मॅगी गरोदर होती, आणि तिच्याच डोळ्यांदेखत तो मारला गेला. लोक रडले ते यासाठी. दुसऱ्या आठवड्यात प्रेक्षक १ कोटी २५ लाखांच्या आसपास उतरले, आणि शेवटचा भाग दाखविला गेला तेव्हा दूरचित्रवाणीवर तो पाहणारे २३ लाखांच्या घरात उरले होते. ही सारी घट त्या एका भागामुळे झाली असे आम्ही म्हणणार नाही. लोकांच्या पाहण्याच्या सवयीही या काळात बदलल्या. पण पहिल्या आठवड्यातली गळती बोलकी आहे. ना सभा, ना ठराव, ना नोटीस. हा संपच होता.

आणखी एक राग होता, त्याची चर्चा कमी झाली. पुष्कळ प्रेक्षक रिकवर चिडले. हा एवढा शूर पुरुष गुडघ्यावर बसून थरथरतो कसा? तो राग आम्ही ओळखतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप चालू होता. एकोणिसाव्या दिवशी व्यवस्थापक फाटकाशी आले आणि दीडशे माणसांतून त्यांनी दोघांनाच नाव घेऊन पुढे बोलावले. दोघांच्या हाती बडतर्फीची पत्रे दिली. बाकीच्यांना एक शब्द बोलले नाहीत. दुपारपर्यंत सारे आत गेले, खाली मान घालून. त्या रात्री लोक चिडले ते व्यवस्थापकावर नव्हे, आमच्यावर! त्या दोघांपैकी एकाला सात वर्षांनी न्यायालयातून काम परत मिळाले. दुसरा निकालापूर्वीच वारला. म्हणून नेगनने दोघे निवडले तेव्हा आमच्या तरुण मित्राला क्रौर्य दिसले, आम्हांस हिशेब दिसला. शंभरांना मारावे लागत नाही. दोघांना सर्वांसमोर मारले की शंभर आपोआप वाकतात.

मंडळी, आता या व्याख्यानाच्या मूळ मुद्द्याकडे आम्ही येतो. ग्लेन पडद्यावर मेला. त्याचे काम करणारे नट स्टीव्हन यून सुखरूप आहेत आणि पुढे त्यांनी मोठे नाव मिळवले. परंतु त्यानंतर नऊ महिन्यांनी, जुलै २०१७ मध्ये, याच मालिकेच्या आठव्या पर्वाचे चित्रीकरण जॉर्जिया राज्यात चालू असताना जॉन बर्नेकर नावाचा माणूस खरोखर मेला. वय ३३. नटांच्या जागी उड्या मारणे, पडणे, मार खाणे हे त्याचे काम. सुमारे वीस फूट उंचीच्या सज्जावरून त्याला पडायचे होते. खाली अंथरलेली गादी थोडक्यात चुकली आणि तो काँक्रीटवर पडला. काही दिवस काम थांबले, मग पुन्हा सुरू झाले. अमेरिकन सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याने निर्मिती करणाऱ्या कंपनीला दंड केला तो १२,६७५ डॉलरांचा. आणि कायद्याने अशा एका गुन्ह्यास तेवढाच जास्तीत जास्त दंड करता येत होता! त्याच्या घरच्यांनी दावा लावला. न्यायालयात वादाचा एक मुद्दा असा होता की, तो कंपनीचा नोकर होता की स्वतंत्र कंत्राटदार. सातासमुद्रापलीकडेही हाच प्रश्न! डिसेंबर २०१९ मध्ये पंचांनी ८६ लाख डॉलरांची भरपाई ठरवली. २०२१ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

आता आम्ही आपणांस विचारतो, ग्लेनसाठी ज्यांनी डोळे पुसले, त्यांतील किती जणांना बर्नेकरचे नाव माहीत असेल? हा प्रेक्षकांवर आरोप नव्हे. ज्याने ग्लेनसाठी अश्रू ढाळले त्याचे काळीज शाबूत आहे, असेच आम्ही म्हणू. पण त्याला ग्लेनचे तोंड सहा वर्षे दाखवले गेले आणि बर्नेकरचे तोंड दिसू न देणे हाच तर त्याच्या धंद्याचा नियम होता! दुसऱ्याच्या जागी पडणाऱ्याचे कसब असे की, पडला तो तोच, हे कोणाला कळू नये.

आमच्या शहरातही रोज असे पडणारे आहेत. परांचीवरून पडतात, गटारात गुदमरतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि त्यांत पुष्कळदा 'एक मजूर' एवढेच छापलेले असते. नाव नसले की माणूस 'चालणारा' होतो, आणि चालणाऱ्याचे डोके फुटले तर आपण चहाचा घोट घेत पाहू शकतो. हे त्या मालिकेने आम्हांस शिकवले, तिच्या निर्मात्यांच्या मनात ते असो वा नसो.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. मालिका पाहू नका, असे आम्ही म्हणत नाही. गोष्ट पाहावी, रडावे, चिडावे, फसवले तर उठून जावे. तो आपला हक्क आहे. फक्त शेवटी जी नावांची लांबलचक यादी सरकत जाते, तेव्हा लगेच उठू नये. आणि उद्या आपल्या गल्लीत कोणी परांचीवरून पडला, तर निदान त्याचे नाव काय, एवढे विचारावे. नाव कळले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: कामाला कोणी लावले, पट्टा होता काय, जाळी होती काय, घरी कोण आहे. आमची तीस वर्षांची चळवळ या चार प्रश्नांपलीकडे फारशी गेलेली नाही.

हैतीच्या त्या गुलामांना ठाऊक होते की, मृताला जागे करायला मंत्र लागत नाही, चिमूटभर मीठ पुरते. आम्हांस वाटते, माणसाचे नाव हे तसले मीठ आहे. आपण ते एकमेकांना द्यावे, एवढी विनंती आहे.