अंजना, सिंधुताई आणि आपली दारे

(सुवर्णमहोत्सवी महिला मेळाव्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. व्यासपीठाची मला सवय नाही. परंतु महिला मेळाव्यात बोलण्याचा आग्रह झाला आणि सती अंजनेचे चरित्र आठवले. रविषेणाचार्यांच्या 'पद्मपुराणा'त ते विस्ताराने आले आहे. विवाहानंतर पवनंजयाने तिला २२ वर्षे दूर ठेवले. पुढे एका रात्री तो गुपचूप भेटून युद्धावर परतला. अंजना गर्भवती झाली, तेव्हा सासूने तिला कलंकित ठरवून घराबाहेर काढले. माहेरी गेली, तर जन्मदात्या महेंद्रराजानेही दार लावले. सोबत राहिली ती सखी वसंतमाला. हनुमंताचा जन्म गुहेत झाला. त्र्यंबकला जाताना अंजनेरीचा डोंगर दिसला की आपण हात जोडतो. पण दार लावणाऱ्यांचा विचार आपल्या मनात येतो का?

हीच कथा आपल्या काळातही घडली. वर्धा जिल्ह्यात १९४८ साली जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांना, दिवस भरलेले असताना, चारित्र्याचा संशय घेऊन पतीने घराबाहेर काढले. गोठ्यात प्रसूती झाली. माहेरानेही आसरा दिला नाही. रेल्वे स्थानकांवर गाणी म्हणून भीक मागणारी ही स्त्री पुढे शेकडो अनाथांची माई झाली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. वृद्धापकाळी पती आश्रयाला आला, तेव्हा त्यांनी त्याला ठेवून घेतले, पण लेकरू म्हणून. लोक याला क्षमा म्हणतात. मला वाटते, नाते कोणते हे ठरविण्याचा अधिकार त्या दिवशी त्यांनी स्वतःकडे घेतला.

आता थोडे माझ्याविषयी. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक मुलगी सासरहून अशीच परत पाठविली गेली. बैठकीला मी होतो. तिने विचारले, "काका, माझी चूक कोणती, एवढे सांगा." मी म्हणालो, "बेटा, थोडे सोसून घे." स्त्रीला सासरच्या घरात राहण्याचा हक्क देणारा २००५ चा कायदा तेव्हा नव्हता, हे खरे, पण खरे बोलण्यास कायद्याची गरज नव्हती.

तिने शिलाई यंत्र घेतले. आमच्याच दुकानातून उधारीवर अस्तर नेले आणि पै न् पै फेडली. घरचे 'लोक काय म्हणतील' म्हणत असताना तिने घटस्फोटाचा अर्ज स्वतः केला. आज तिच्या हाताखाली सात भगिनी काम करतात.

हे सर्व तिच्या परवानगीनेच सांगतो आहे. नाव मात्र घेणार नाही. बेटा, त्या दिवशी तुझी काहीही चूक नव्हती.